भुरीची काठवट

"वाळू चाळली का?"

पुंजाजीनं अजून चपलाही काढल्या नव्हत्या. आतून, खाटेवरून, गोजरबाईचा पहिला प्रश्न आला. नवरा दमला का, चहा घेणार का, हे सगळं नंतर. आधी भुरी मांजरीची वाळू.

"चाळली."

"कोरडी होती?"

"हाव, कोरडी होती."

"मंग काय केलं तिनं?"

"काय करंन? बसली, केलं, वाळूनं झाकलं अन् गेली पोत्यावर. आमच्या मॅनेजरपेक्षा शिस्तीची हाय."

गोजरबाई हसली. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तिची डावी बाजू खाटेचीच झाली होती आणि हसू उजव्या ओठापुरतं उरलं होतं. पण भुरीचं नाव निघालं की ते येई. दिवसभर छताकडं पाहत पडलेल्या बाईला दुसरं जग होतं कुठं? शेजारची तानुबाई दुपारी भाकरी टाकून द्यायला येई, तेवढाच माणसाचा आवाज. बाकी सगळं पुंजाजीनं गोदामातून आणलेलं.

पुंजाजी दुसरबीडच्या शेतकरी संघाच्या बियाण्याच्या गोदामात शिपाई होता. म्हणजे चौकीदार तोच, झाडणारा तोच आणि हमाल कमी पडला तर पोत्याखाली पाठ देणाराही तोच. उंदरांनी हरभऱ्याची पोती कुरतडून चाळण केली तेव्हा मॅनेजर वामनराव म्हणाले, "पुंजाजी, एखादी मांजर आणा बुवा." घरी गोजरबाईच्या उशाशी वाढलेली भुरी होती. ती गेली नोकरीला.

गोदामाला संध्याकाळी सील लागे ते सकाळी दहाला निघे. तोवर मांजर आत कोंडलेली. तिनं आपला आडोसा पाहून बियाण्याचा ढीग उकरला, यात तिचं काय चुकलं? पण रंगराव नावाच्या शेतकऱ्यानं हरभऱ्याची मूठ नाकाला लावली आणि तशीच वामनरावांच्या टेबलावर आपटली. "हे पेरू का वावरात?" वामनरावांनी आठ दिवसांची मुदत दिली. मांजर सुधारा, नाहीतर काढा.

तेव्हा गोजरबाईनं खाटेवरून कारभार हाती घेतला. पुंजाजीनं आधी चहाचं खोकं कापून त्यात लाकडाचा भुसा भरला. ते ऐकूनच ती म्हणाली, "खोक्याच्या कडेले पत्रा असते. पंजा कापला तर ती फिरून त्यात पाय नाही ठेवायची. अन् भुसा तिच्या केसाले चिटकते."

"मंग राख घालतो. चुलीत काय कमी हाय?"

"राख नोको. मांजर दिवसभर सोताले चाटते. पायाले जे लागलं ते पोटात गेलंच समजा. चुना नोको, फिनेल नोको. नाल्याची वाळू आणा, वाळवा, चाळा. चार बोटं भरा. दुधापासून दूर ठेवा. रोज घाण काढा, तिसऱ्या दिवशी समदी बदला."

"अन् भरू कशात?"

चुलीमागं टेकवून ठेवलेल्या लाकडी काठवटीकडं गोजरबाईनं नजर टाकली. त्या काठवटीत तिनं चोवीस वर्षं भाकरीचं पीठ मळलं होतं. "ती न्या. तिले चीर गेली, अन् मले तरी कुठं लागते आता?"

तानुबाईनं तोंडावर पदर घेतला. "अवं बाई, पिठाची काठवट मांजरीच्या..." पण काठवट गेली. चौथ्या दिवशी भुरी तीत बसली, आणि वामनरावांची मुदत टळली.

हे सगळं ठीक. पण करायला माणूस एकच. पुंजाजी पहाटे उठे, पाणी तापवी, गोजरबाईला कुशीवर वळवून तिच्या खालचं फडकं काढी, तिला पुसून दुसरं घाली. तेवढा वेळ ती भिंतीकडं तोंड करून राही. तीन वर्षांत एकदाही तिनं त्या वेळी त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. मग फडकी धुणं, मग गोदाम, मग काठवट. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची कंबर ती, किती वाकणार? एकदा आडावर बादली ओढताना तो तानुबाईला बोलून गेला, "दोघींपैकी एकीचं तरी सुटलं पाह्यजे आता. लय झालं." बोलला आणि विसरला. गोजरबाईचे कान मात्र डाव्या बाजूबरोबर गेले नव्हते.

श्रावणात झड लागली. पाच दिवस झाले तरी सूर्य दिसेना. नाला दोन्ही काठ भरून वाहत होता आणि वाळूचा साठा करून ठेवा असं गोजरबाईनं दोनदा बजावूनही पुंजाजीनं तो केला नव्हता. आज करू, उद्या करू, यात आषाढ गेला. घरात फडकी वाळेनात. तिसऱ्या दिवशी कोरडं एकही उरलं नाही तेव्हा त्यानं गोदामातलं लाल फडकं सोडून घरी आणलं, धुतलं, चुलीवर शेकलं आणि तिच्या खाली घातलं. अंधारात तिला ते दिसलंही नाही.

आता हे फडकं कसलं, तर गोदामात राखेची दोन पिंपं होती. एकात साधी राख, फरशीवर सांडलेलं पुसायला. दुसऱ्यात किडीची विषारी पावडर कालवलेली राख, पोत्यांच्या थरांत भुरभुरवायला. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. हे कळल्यावर गोजरबाईनंच आपल्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा फाडायला लावला होता. "विषाच्या पिंपाले बांधा. तुमचं ध्यान नसते."

पाचव्या दिवशी काठवटीतली वाळू ओली गच्च झाली होती. भुरी काठावर पाय ठेवी आणि झटकून मागं सरे. एक दिवस साध्या राखेनं काय होतं, असं म्हणून पुंजाजी पिंपांकडं गेला. छत गळतं म्हणून हमालांनी ती दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली होती. चार रात्रींची झोप डोळ्यांत होती. डोळ्यांना एवढंच ठाऊक होतं की लाल फडकं म्हणजे विष. समोरच्या पिंपाला लाल फडकं नव्हतं. ते आपणच सोडून नेलं, हे त्या घटकेला त्याच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. त्यानं काठवट भरली, हातानं सारखी केली, गोदामाला सील लावलं.

सकाळी दहाला दार उघडलं तेव्हा भुरी काठवटीजवळच पडली होती. तोंडातून लाळ गळत होती, अंग थरथरत होतं. पुंजाजीनं तिचे पंजे पाण्यानं धुतले, पुन्हा धुतले. देऊळगाव राजाला गुरांचा दवाखाना होता, पण रस्त्यावर पाणी चढल्यानं बस बंद. पोत्यावर बसून त्यानं तिला मांडीवर घेतलं. दुपारच्या आधी ती गेली.

"मांजरच ना? दुसरी आणू," वामनराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, भुरी घरी गोजरबाईची कोण होती हे त्याला ठाऊक नव्हतं एवढंच. पुंजाजीनं गोदामामागं बाभळीखाली खड्डा केला. रडू आलं नाही. फार थकलेल्या माणसाला रडायलाही बळ लागतं.

संध्याकाळी चपला काढायच्या आत प्रश्न आला, "वाळू चाळली का?"

"चाळली."

"कोरडी होती?"

"हाव."

"मंग काय केलं तिनं?"

"बसली, केलं, झाकलं," पुंजाजी म्हणाला, आणि चुलीकडं वळला.

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की कोणी पाहिलं नाही, असं म्हणतात. भुरीनं तसं कधी केलं नाही. पुंजाजीनं मात्र सहा दिवस केलं. एका दिवशी भुरीनं उंदीर धरला, एका दिवशी ती वामनरावांच्या खुर्चीवर झोपली. गोजरबाई हसे, आणि तो चुलीकडं वळे.

सातव्या दिवशी ऊन पडलं. पुंजाजीनं दारासमोरच्या दोरीवर सगळी फडकी वाळत घातली. कामावरून परतला तेव्हा आतून काहीच आवाज नव्हता. खाटेवरून गोजरबाई दाराबाहेर पाहत होती.

"ते माह्या लुगड्याचं फडकं ना? पिंपाचं?"

"हाव."

"कव्हा आणलं?"

"झडीत. कोरडं काहीच नव्हतं."

ती थोडा वेळ मनाशी काहीतरी जुळवत राहिली. "तानू म्हणत होती, नाला भरून वाहून राह्यला होता. मंग तुमाले कोरडी वाळू कुठं भेटली?"

पुंजाजी खाटेच्या पायथ्याशी बसला. आणि सगळं सांगितलं, पिंपं, राख, बाभूळ, सहा दिवसांचं खोटं. गोजरबाईचा उजवा हात अंथरुणाची कड चाचपत होता.

"म्हंजे माह्याखाली घालाले आणलं, म्हणून ते झालं."

"तुहं काय त्यात? ध्यान माहं नव्हतं."

"चला," ती छताकडं पाहत म्हणाली, "तुमचं एक काम तर कमी झालं."

रागावून नाही, टोमणा म्हणूनही नाही. सुटका झाल्याचं सांगावं तसं म्हणाली. पुंजाजीला आडावरचे आपलेच शब्द आठवले आणि भुरीला पुरताना न आलेलं रडू आता आलं. त्यानं खाटेच्या पायावर डोकं टेकवलं.

"असं नोको बोलू वं गोजर. मले काम कमी नाही पाह्यजे. मी थकलो म्हणून बोललो. मले दोघी पाह्यजे होत्या."

रात्री दोघांच्याही ताटात भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं लाल फडकं पिंपाला घट्ट बांधलं, दोन गाठी मारल्या. मग घमेलं घेऊन नाल्यावर गेला. वाळू आणली, पत्र्यावर उन्हात पसरली, चाळली. काठवट गरम पाण्यानं तीनदा धुतली, वाळवली, चार बोटं भरली आणि भुरीच्या कोपऱ्यात ठेवली. वामनरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

संध्याकाळी तो दारात आला. आत शांत होतं. त्यानं एक चप्पल काढली, दुसरी काढली.

"वाळू चाळली का?"

पुंजाजी उंबऱ्यातच थांबला. "चाळली."

"कोरडी होती?"

"हाव. कोरडी होती."

तिसरा प्रश्न तिनं विचारला नाही. पुंजाजीनं पाणी तापवलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि तिला कुशीवर वळवायला वाकला. आज तिनं भिंतीकडं तोंड केलं नाही. तो पुसत होता तोवर ती त्याच्याकडं पाहत राहिली.