पूजेत न मांडलेली जाळी

मित्रांनो, कन्नड मुलखात, चामराजपेटेतल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या दाराआड मी खिळ्याला टांगलेली असते. मी मासे धरायची एक जुनी जाळी आहे. माझ्या मधोमध मुठीएवढं भोक आहे. ते कसं पडलं हे आज सांगावं म्हणते. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

मला सूर्यकांतअण्णांनी घडवलं. तेव्हा ते पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करत. उरलेली तार त्यांनी वाकवली आणि त्यांच्या पत्नीनं, रत्नाबाईंनी, मच्छरदाणीचा तुकडा तिच्यावर शिवला. घरात गोड्या पाण्यातले सोनेरी मासे होते. टाकी धुवायच्या दिवशी मी त्यांना एकेक करून अलगद बादलीत नेई. "ही जाळी म्हणजे माझा उजवा हात," असं अण्णा पाहुण्यांना सांगत. मी मनातून फुलून जाई.

त्यांचा खरा उजवा हात तर फारच गुणी होता. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. गल्लीभरातल्या रंग उडालेल्या बाहुल्या अण्णांकडे येत. डोळे रंगवताना ते श्वास रोखून धरत. तिळाएवढं बुबुळ टेकलं की बाहुली एकदम बघायला लागे.

पुढे सोनेरी मासे संपले आणि त्यांच्या मुलीनं, मैत्रेयीनं, खाऱ्या पाण्याची टाकी आणली. तिच्यात लायनफिश जातीचा मासा होता. अंगावर पट्टे, पिसाऱ्यासारखे पंख आणि पाठीवर सुयांसारखे विषारी काटे. सोबतचे दोन छोटे मासे त्यानं आठवड्यात गिळून टाकले. अण्णांनी त्याचं नाव शार्दूल ठेवलं.

"अण्णा, याला जाळीनं धरायचं नाही," मैत्रेयीनं बजावलं. "काटे जाळीत अडकतात आणि सोडवायला माणूस हात घालतो. हा प्लॅस्टिकचा जग पाण्यात बुडवा, लांब चिमट्यानं त्याला हळूच आत हाकला. टाकीत हात घालायचा नाही. कळलं?"

"सरी, सरी, कळलं. तुझ्या आईचं टोचणं सोसलं, हा काय टोचणार!"

"ऐकू येतंय मला," आतून रत्नाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी दाराआड गेले. अंगावर धूळ बसली. खोटं कशाला बोलू, मला त्या जगाचा हेवा वाटे.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. मैत्रेयी मैत्रिणींबरोबर म्हैसूरला गेली होती. रत्नाबाईंनी घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. लेथची अवजारं, रंगाचे कुंचले, कात्री, आणि मैत्रेयीचा जग आणि चिमटासुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू लागलं, शेवंतीची फुलं वाहिली. या दिवशी पूजेतल्या वस्तूला विश्रांती असते. तिला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. मला मात्र कुणी आठवलंच नाही. दाराच्या फटीतून मी ती फुलं बघत राहिले.

घटस्थापनेला बाहुल्यांच्या पायऱ्यांना जागा व्हावी म्हणून टाकी पाण्यासकट वीतभर ढकलली होती. काचेचा सांधा तेव्हाच दुखावला असावा. खंडेनवमीच्या दुपारी तो उलला आणि पाणी भराभर खालच्या पायरीकडे वाहू लागलं.

"अगं, जग दे! लवकर!"

"अहो, आज पूजेतलं कसं उचलायचं?"

"मासा मरेल!"

"स्वल्प थांबा. ती जुनी जाळी आहे ना! ती कुठं पूजेत आहे?"

अण्णा क्षणभर घुटमळले, आणि त्यांनी मला उचललं. मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला. त्याची लाज मला अजून वाटते.

शार्दूल माझ्यात शिरला आणि त्यानं सगळे काटे उभारले. ते माझ्या विणीत घट्ट रुतले. तो तडफडू लागला, तसा अधिकच गुंतला. मी सैल होऊ बघत होते, पण जाळीला सैल होता येत नाही. बादलीवर धरून अण्णांनी मला झटकलं, पुन्हा झटकलं. मग त्यांनी उजवा हात घातला. 'नको' म्हणायला मला तोंड नव्हतं.

ते मटकन खाली बसले. दोन बोटांतून रक्त आलं आणि बघता बघता हात मनगटापर्यंत सुजला. रत्नाबाईंनी बर्फ चोळला, तर कळ आणखी वाढली. त्यांनी मैत्रेयीला फोन लावला.

"आई, बर्फ काढ! सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडव. आधी तू हात घालून बघ, भाजायला नको. आणि ताबडतोब हॉस्पिटल!"

गरम पाण्यात हात ठेवून, घामानं भिजलेले अण्णा म्हणाले, "त्याला सोडव गं."

रत्नाबाईंनी पाटाकडे पाहिलं आणि कुंकू लागलेली कात्री उचलली. मला दांड्यानं लांब धरून त्यांनी माझी वीण कापली. शार्दूल सुटून बादलीत पडला. मग त्या कात्रीकडे बघून रडायला लागल्या. "जगच उचलला असता तर..."

अण्णा वाचले. हाताची सूज उतरली, पण दोन बोटांची टोकं बधिर राहिली. कुंचला धरलेला त्यांना कळत नाही. शार्दूलला मैत्रेयीनं एका जाणत्या माणसाकडे दिलं.

मित्रांनो, मी साधी जाळी. मी काय उपदेश करणार? एवढंच मागते. काटेरी मासा जाळीत धरू नका आणि उघडा हात त्याच्याजवळ नेऊ नका. आणि ज्या वस्तूनं जीव वाचतो, ती देवापुढून उचलायला घाबरू नका.

यंदाच्या खंडेनवमीला अण्णांनी मला स्वतः पाटावर ठेवलं. डाव्या हातानं कुंकू लावलं. ते थोडं वाकडं लागलं. ज्या मानासाठी मी झुरले तो मिळाला, आणि तो मला घेववेना. समोरच्या पायरीवर नवा रंग दिलेली एक बाहुली होती. डोळ्यांच्या जागा पांढऱ्या, कोऱ्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, तेवढंच मला बरं वाटलं.