खुराड्यावरचा सदरा

हरेश्वर गेला तेव्हा दहाव्याला त्याचे कपडे खाडीत सोडले. गेलेल्याचं कापड घरात ठेवलं तर माणूस दाराशी घुटमळत राहतो म्हणतात. कमळीनं सगळे सोडले, फक्त एक चौकड्यांचा सदरा न धुता तांदळाच्या पिंपात दडवला. घुटमळू दे की! जन्माचा नवरा, त्याला दारातून हाकलणारे हे कोण?

मागे राहिल्या त्याच्या कोंबड्या. तिन्हीसांजेला तो खुराड्याच्या पत्र्यावर काठी वाजवायचा, मोठ्यानं खाकरायचा, आणि उंदीर परसाकडे फिरकायचे नाहीत. तो गेला आणि मेल्यांनी उच्छाद मांडला. गोखिवऱ्यातली उरलीसुरली शेतं जाऊन इमारती उठत होत्या, आणि तिथले उंदीर हिच्याच परसात राहायला आले होते. मुलगा कल्पेशनं खुराड्याला बारीक जाळी मारली, बिळांत काचा कोंबून सिमेंट थापलं. सांडलेला दाणा कमळी रोज झाडून घेई. तरी सकाळी एखादं पिल्लू गायब, नुसती पिसं.

"आई, आता एक जरी पिल्लू गेलं ना, तर सगळ्या कोंबड्या देऊन टाकतो," कल्पेश वैतागून म्हणाला.

कमळी खुराड्यापाशी जाऊन उभी राहिली. नवऱ्याचं एवढंच जिवंत उरलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं पिंपातून सदरा काढला. घामाचा, तंबाखूचा वास तसाच होता. माणसाच्या वासाला उंदीर बिचकतील, म्हणून तिनं तो खुराड्याच्या दारावर टांगला. वाऱ्यानं बाही हलली, आणि कुणी न बोलावता कोंबड्या एकामागून एक आत शिरल्या. कमळीच्या अंगावर काटा आला. मग रडू आलं, आनंदाचं.

त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही. कमळी सांजेला सदऱ्यापाशी बसून बोलू लागली. सून स्वप्नालीला ते बघवेना. ती मागचं दार लावून घ्यायची.

आणि एका सकाळी सदराच नव्हता. खिळा तेवढा होता.

"आले नि घेऊन गेले," कमळी म्हणाली. तिला भीती वाटली नाही. न भेटता गेले, याचा राग आला.

दुपारी कल्पेशला जांभळीच्या झाडाखाली ताजं बीळ दिसलं. त्यानं पहार घातली, स्वप्नालीनं उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं. ढेकूळ उलटलं आणि मातीत चौकडी दिसली. सदऱ्याच्या चिंध्या, कुरतडून मऊ केलेल्या, आणि शाबूत राहिलेल्या खिशात उंदराची गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. कमळी वाकली. तंबाखूचा वास आला.

"ओत ना," कल्पेश बायकोला म्हणाला.

"थांब! पानी नको ओतूस." कमळीनं पातेलं हातानंच धरलं. चटका बसला तरी सोडलं नाही.

"आई, ही मोठी झाली की तुझीच पिल्लं खातील."

"मना म्हाईत हाय. कोंबड्या कोनाला तरी देऊन टाक."

कल्पेशनं पहार खाली टाकली. संध्याकाळच्या आत कोंबड्या टोपलीत भरून गेल्या. कमळीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर देववल्या नसत्या. तिनं बिळावर हलक्या हातानं माती सारली, येण्याजाण्यापुरती वाट ठेवून.

तिन्हीसांजेला तिनं रिकाम्या खुराड्याच्या पत्र्यावर काठी वाजवली.

"अवो, तुमी हाव ना?"

जांभळीखाली, मातीच्या आत, कुणीतरी कूस बदलली. कमळी तिथंच पदर सावरून बसली.