खोडरबराची तब्येत ठणठणीत

सकाळी नऊलाच दवाखान्याच्या तपासणी-खोलीबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. नवं यंत्र आलं होतं ना! कॅन्सर शोधायला गालातून खरवडून काचेवर घेतलेल्या पेशी ते रंग न लावताच पाहायचं. आतला शिकवलेला कॉम्प्युटर मनानेच रंग भरायचा आणि पडद्यावर निकाल हजर.

"ना रंग, ना रसायन, ना चार दिवसांची वाट!" यंत्र विकणाऱ्या कंपनीचे टायवाले साहेब गरजले. "आठवडा झाला, एकालाही कॅन्सर निघालेला नाही!"

लोकांनी टाळ्या पिटल्या.

वीस वर्षं काचा रंगवून बोटं जांभळी झालेल्या लॅबवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या गालात तीन महिने न भरणारी जखम होती. यंत्र म्हणालं होतं, निरोगी. तो रिपोर्ट हातात घेऊन ती तिथंच उभी होती.

"ताई, जखमेचा तुकडा काढून जुन्या पद्धतीनं तपासू गं."

"तुझी नोकरी जाईल म्हणून मला कापायला निघालीस होय?"

कोऱ्या काचेवर बाईंनी खोडरबराचा चुरा भुरभुरवला आणि काच यंत्रात सरकवली. पडद्यावर गुलाबी-जांभळ्या पेशी फुलल्या. खाली अक्षरं उमटली: गालाच्या पेशी. निरोगी.

"खोडरबराची तब्येत ठणठणीत आहे की!" कुणीतरी खिदळलं.

"याला शिकवायला नमुने कुठले घेतलेत?" बाईंनी विचारलं.

"आमच्याच ऑफिसातले!" साहेब फुशारले. "सगळ्यांनी हौसेनं गाल खरवडून दिले."

"सगळे धडधाकट?"

"अर्थात! आजारी माणूस आम्ही कामावर ठेवतच नाही."

"म्हणजे आजारी पेशी यानं जन्मात पाहिली नाही. पुढ्यात काहीही ठेवा, याला जे येतं तेच हे रंगवणार."

दवाखान्याचे मोठे डॉक्टर उठले. "बघा, रबरातही जीव पाहणारी नजर!"

पुन्हा टाळ्या. रांग सोडून कुणी गेलं नाही.

ताईनं रिपोर्ट पर्समध्ये घातला. "निरोगी म्हटलंय ना? मग उगाच उकरू नकोस." बाई जिन्यापर्यंत मागे धावल्या, पण ती थांबली नाही. चार महिन्यांनी आली, तेव्हा जबडा उघडत नव्हता.

बाबांनो, यंत्र लबाड नसतं. नीट शिकवलं तर रंगाविनाही ते खरं दाखवेल. पण मान डोलावण्याआधी विचारा: याला काय काय दाखवलंय? ज्यांचा आजार आधीच ठाऊक आहे, अशा काचा ठेवून याची परीक्षा घेतलीय का? न विचारल्यानं काय होतं, ते ताईनं सांगितलं असतं. तिला आता बोलता येत नाही.