पहिलं शेंगुळं

आपल्या पुस्तकातली एकही कृती आजवर कुणाच्या घरी फसलेली नाही, असं त्रिवेणीबाई छातीठोकपणे सांगत. चार कादंबऱ्या आणि तीन पाकपुस्तकं नावावर असलेल्या बाईनं असं सांगितलं की ऐकणारा मान डोलावतोच; पण त्यामागं कष्ट होते. लिहिलेला प्रत्येक पदार्थ त्या स्वयंपाकातला एखादा ढ माणूस पकडून त्याच्याकडून करवून घेत. त्यानं फक्त कागद वाचायचा. बाईंनी समोर खुर्चीवर बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. तीनदा बिघडला की पदार्थ पुस्तकातून बाद. मग तो कितीही लाडका असो.

आज नल्लकुंट्याच्या त्यांच्या स्वयंपाकघरात उभा असलेला ढ माणूस म्हणजे हिमायतनगरची त्यांची भाची, राणी. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, चहासुद्धा मागवून पिणार, आणि मराठी वाचायची तर एकेका अक्षरावर बोट ठेवून. असा ढ शोधून सापडला नसता.

पदार्थ होता शेंगुळी. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालायचं, घट्ट मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करून त्यांची वेटोळी फोडणीच्या पाण्यात शिजवायची. साधं मराठवाडी जेवण. पण सकाळपासून दोनदा राणीच्या हातून त्याचा लगदा झाला होता.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता. पुस्तक उद्या छापखान्यात जाणार होतं आणि शेंगुळ्यांचं प्रकरण त्यांच्या थोरल्या जावेचं, सुशीलाअक्कांचं होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्रिवेणीबाईंना भातही धड येत नव्हता. अक्कांनी शिकवलं, तेही चारचौघांत पाणउतारा न करता. एवढं लिहिलं, एवढं छापलं, पण त्या बाईचं ऋण कधी कागदावर आलं नव्हतं. आता येणार होतं, तर मध्ये हा लगदा!

तिसऱ्यांदा पाणी ठेवलं. राणीनं वेटोळी ताटात मांडली, पातेल्याकडं पाहिलं आणि फोन उचलला.

"तू बोलायचं नाहीस आत्या, हा तुझा रूल. मी मलकपेठला अक्कांना फोन करायचा नाही असं कुठं लिहिलंय?"

बाईंनी डोळे वटारले. बोलता मात्र येईना. स्वतःच केलेल्या नियमानं स्वतःचं तोंड बांधलेलं.

"अक्का, मी राणी. दो बार फेल झालं, परेशान झाले मी!" तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"हौ, ऐकतेय. पाणी उकळलंय का?"

"हौ. कडेला बुडबुडे येतायत."

"पहिलं सोडलंस?"

"पहिलं म्हणजे?"

"चुलीचं गं. एकच सोडायचं, हात जोडायचे, थांबायचं. विरघळलं तर अजून चुलीला नको आहे म्हणायचं. पुन्हा एक सोडायचं. अख्खं वर आलं की ते काढून शेगडीपाशी ठेवायचं आणि मग बाकीची. त्रिवेणीनं लिहिलं नाही?"

"कागदावर नाही, अक्का."

नव्हतंच. बाईंनी स्वतःच्या हातानं ती ओळ खोडली होती. विसाव्या शतकात राहिलेलं खूळ एकविसाव्यात कशाला छापायचं? एवढ्यावरही थांबल्या नव्हत्या. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या कादंबरीत चुलीला शेंगुळं वाहणारी एक देवभोळी जाऊ त्यांनी रंगवली होती आणि वाचक पोट धरधरून हसले होते.

राणीनं एक सोडलं. ते विरघळलं. ती थांबली. पाणी मधोमध खळखळू लागल्यावर दुसरं सोडलं. ते बुडालं, क्षणभर दिसेनासं झालं आणि अख्खंच्या अख्खं वर आलं. मग ताटातली सगळी गेली. एकही फुटलं नाही.

"आत्या! जमलं!"

आता त्रिवेणीबाई उठल्या. चुकलेली बाई उठावी तशा नाही, नेहमीसारख्या ताठ उठल्या, कारण चूक सापडली की ती दुरुस्त करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "पदार्थ पास," त्या म्हणाल्या. "नापास मी." मग फोनकडं वाकल्या. "अक्का, माझी ती दुसरी कादंबरी तुम्ही वाचली होती?"

"दोनदा वाचली. चांगली होती."

"त्यात मी तुमच्यावर हसले होते. तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुझं एकही शेंगुळं कधी फुटलं नाही. मला वाटलं, हिला सगळं कळलेलं आहे, लोकांना हसवायला म्हणून लिहिलंय."

बाईंना हुंदका आला आणि त्यांनी तो राणीसमोर लपवला नाही. पाणी पुरतं उकळल्याचा आवाज कानाला कळेपर्यंत, पहिली दोन वर्षं, त्यांच्या पातेल्यात ते पहिलं शेंगुळं अक्काच सोडत होत्या.

त्यांनी पेन मागितलं. खोडलेली ओळ पुन्हा लिहिली, हात जोडण्यासकट. त्याखाली आणखी एक लिहिली आणि राणीला मोठ्यानं वाचायला लावली, म्हणजे मलकपेठला ऐकू जाईल.

राणीनं अक्षरावर बोट ठेवलं. "हे... सुशीलाअक्कांना... ठाऊक होतं. मी... फक्त... लेखिका होते."