इस्त्रीसरांचा खड्डा

नववीतल्या त्या मुलीला सगळे खुरपी म्हणत. तिचे बाबा शाळेचे माळी होते तेव्हा कुणीतरी चिडवायला ठेवलेलं नाव. बाबांची नोकरी गेली, नाव तेवढं राहिलं. त्याचं तिला काही वाटत नसे. तिचा डूख होता तो एकट्या पर्यवेक्षकांवर, आणि तो तिने दोन वर्षं जिवापाड सांभाळला होता.

पर्यवेक्षक म्हणजे इस्त्रीसर. सकाळी सात वाजता पँटला जी घडी, तीच संध्याकाळी पाचला. खडूसुद्धा रुमालात धरायचे. असा माणूस मैदानाची देखरेख करतो म्हणजे काय करतो, हे वेगळं सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वी शाळेची जुनी प्रयोगशाळा पाडली, तेव्हा बाबा आजीच्या आजारपणात पंधरा दिवस रजेवर होते. परत येऊन बघतात तर मैदानामागचा सखल तुकडा एकदम सपाट, आणि तिथल्या अकरा झाडांचे बुंधे गुडघाभर मातीत गेलेले. ही झाडं बाबांनी रोपं असल्यापासून वाढवली होती. "सर, खाली काय टाकलंय? मुळांचा जीव जाईल," बाबा म्हणाले. "चांगली लाल माती टाकलीय. तुझं काम पाणी घालायचं, ते कर," सर म्हणाले.

बाबांनी पाणी घातलं. खुरपी शाळेआधी येऊन झारी भरून द्यायची. वर्षभरात अकराच्या अकरा झाडं वाळली. मग चौकशी झाली आणि सरांनी लिहून दिलं, माळ्याने उन्हाळ्यात पाणी दिलं नाही. बाबा एवढंच म्हणत राहिले, "खणून बघा." खुर्च्यांवर बसलेल्या पाच जणांपैकी एकही उठला नाही. हातातला चहा संपवून त्यांनी बाबांना काढून टाकलं.

तेव्हापासून बाबा दुसऱ्याच्या रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरत होते. तिने विषय काढला की म्हणत, "जाऊ दे गं, झालं ते झालं," आणि नखातली माती काढत बसत. खुरपीला त्या 'जाऊ दे'ची चीड यायची. एवढं सगळं पोटात घालणारा माणूस आपला बाप कसा, हेच तिला कळत नसे.

यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नववीला परिसरसेवेचं काम लावलं. ओसाड पडलेलं मैदान मुलांनी सुधारायचं, रोज वहीत लिहायचं, त्याचे गुण मिळणार. देखरेखीला कोण? इस्त्रीसर. खुरपीने ते ऐकलं आणि त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

पहिल्याच बैठकीत कामाचे नियम ठरले. खुरपीने एक सुचवला: जो काम सांगेल, त्याने ते आधी स्वतः करून दाखवायचं. बाबांची हीच पद्धत होती. नवा मदतनीस आला की पहिली कुदळ बाबा मारायचे. वर्गाला नियम आवडला, कारण वर्गात हुकूम सोडणारे चिक्कार होते. नियमांच्या पानावर मोठ्या बाईंनी सही केली. इस्त्रीसरांनीही केली, न वाचता. कागद न वाचता सही करायची त्यांना सवयच होती.

मागचा तुकडा खुरपीच्या गटाने मागून घेतला. तीन आठवडे त्यांनी तिथलं गवत काढलं, बाटल्या आणि पिशव्या वेचल्या, कडेने दगड लावले. खणलं मात्र नाही.

"अगं, खड्डे कधी घ्यायचे?" गटातली मैत्रीण विचारून विचारून थकली.

"सर सांगतील तेव्हा," खुरपी म्हणायची. ती मनात म्हणायची, सांगू दे एकदा. चार लोकांसमोर सांगू दे.

शेवटी तो दिवस उजाडला. शेती खात्यातून माती तपासणाऱ्या एक बाई काम बघायला आल्या. मोठ्या बाई सोबत होत्या, नववीचे दोन्ही वर्ग गोळा झाले होते. मातीवाल्या बाईंनी मागच्या तुकड्यावर टाच आपटून बघितली. "इथे काहीच का नाही?"

"आधीच्या माळ्याचा हलगर्जीपणा," इस्त्रीसर हसून म्हणाले. "पण आता मुलं आहेत ना! चला रे, दोन दोन फुटांचे खड्डे घ्या आणि रोपं लावा."

खुरपीने कुदळ उचलली, सरळ त्यांच्यापुढे नेऊन धरली आणि वही उघडली. "सर, नियम तिसरा. खाली तुमची सही आहे."

मुलं खिदळली. मातीवाल्या बाईंना नियम फारच आवडला, त्यांनी टाळी वाजवली. मोठ्या बाई म्हणाल्या, "दाखवा ना सर, मुलांना हुरूप येईल." नाही म्हणायला जागाच उरली नाही. सरांनी बाह्या दुमडल्या, त्यासुद्धा घडी घालून.

वीतभर लाल माती सहज निघाली. मग कुदळ खण्णकन आपटली.

"दगड आहे," सर म्हणाले आणि दोन पावलं सरकले. तिथेही तेच. आणखी सरकले, तिथेही तेच. घामाने शर्ट पाठीला चिकटला, घडी कुठल्या कुठे गेली. खुरपी शेजारी पहार घेऊन उभी होती. "ही घ्या सर. पहारेने निघेल."

निघालं. विटांचे तुकडे निघाले, चुन्याची ढेकळं निघाली, आणि मग निळ्या नक्षीची अर्धी फरशी निघाली. मोठ्या बाईंनी ती हातात घेऊन पुसली. "ही तर आपल्या जुन्या प्रयोगशाळेतली."

मातीवाल्या बाईंनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. चुन्याने ते पांढरं झालं. "असा राडारोडा मुळांवर टाकला तर झाड कसं जगेल? कितीही पाणी घाला," त्या म्हणाल्या.

"माझे बाबा हेच सांगत होते," खुरपी म्हणाली. "त्यांनी खणून बघा म्हटलं. कुणी उठलं नाही. मोठ्या बाई, तुम्हीही नाही."

मोठ्या बाईंची मान खाली गेली. मग त्यांनी सरांकडे बघितलं. "इथे टाकायला कुणी सांगितलं?"

"ठेकेदाराने विचारलं होतं..." सरांची बोबडी वळली. "लांब नेण्यात उगाच दिवस जात होते. मी म्हटलं, मागे टाका. झाडं मरतील असं वाटलं नव्हतं."

"आणि मेल्यावर?"

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. उद्या सकाळी सरांनी हे लिहून आणून सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवायचं आणि माळ्याच्या घरी स्वतः जायचं, असं मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे फर्मावलं. सरांनी पहार खाली ठेवली.

"सर, दोन फूट म्हणाला होतात," खुरपी म्हणाली. "अजून एकच झालाय."

कुणी हसलं नाही. सरांनी मोठ्या बाईंकडे आशेने पाहिलं, त्या फरशीकडेच बघत राहिल्या. सरांनी पुन्हा पहार उचलली. मधेच त्यांनी पाणी मागितलं तेव्हा खुरपीला क्षणभर त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. तिने पाणी दिलं. खड्डा मात्र पुरा करून घेतला.

घरी ती धापा टाकत पोचली. बाबा मोरीत हात धूत होते. तिने एका दमात सगळं सांगितलं: फरशी, चुना, उद्याचं वाचन. बाबा पाठमोरेच होते. आता ते 'जाऊ दे' म्हणणार, अशी तिला भीती वाटली.

बाबांनी नळ बंद केला. "त्याने स्वतः खणलं?"

"दोन फूट."

"हाताला फोड आले?"

"आले."

बाबा वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर असं हसू होतं, जे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी ओल्या हाताने स्टूल पुढे ओढलं, तिला बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"किती आले?" त्यांनी विचारलं. "एकेक करून सांग. घाई करू नकोस."