फुगलेल्या झाकणाची कृपा

“श्श! आता बोलेल!”

इमारतीच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर मटारच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. मागे डोळे मिटून बरणीमहाराज. त्यांनी काहीतरी पुटपुटत हवेत बोट फिरवलं. थोड्या वेळानं एका झाकणातून आवाज आला : टक्! मग शेजारच्या झाकणातून. भराभर हात जोडले गेले.

“देवाचा होकार आला!” महाराज गरजले. “तुमचे फ्रीझर म्हणजे अन्नाची शवागारं! वीज गेली की मटारचा निकाल. माझी बरणी नुसती फडताळात ठेवा. आणि झाकण फुगलं तर भाग्य समजा. आत कृपा मावेना झाली! ती बरणी घरातल्या अशक्त माणसाला आधी द्या.”

शेवटच्या रांगेत सूनबाईंनी चमकून मान वळवली. अशक्त माणूस त्यांच्या शेजारीच बसला होता : कालच दवाखान्यातून घरी आलेले सासरे. पलीकडे सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर गेल्या महिन्यात महाराजांकडून आणलेली, टम्म फुगलेल्या झाकणाची बरणी.

“आई, हे यांना देऊ नका.”

“तू तुझी शाळा शाळेत ठेव,” सासूबाई म्हणाल्या. सूनबाई शाळेत विज्ञान शिकवत.

“माझं मत कोणी विचारतंय का?” सासऱ्यांनी विचारलं. कोणी विचारत नव्हतं.

तेवढ्यात महाराजांचा चेला आतल्या स्वयंपाकघरातून आणखी बरण्या घेऊन आला. जाड फडक्यात धरून. सूनबाईंनी ते फडकं पाहिलं आणि तडक आत गेल्या. शेगडीवर पातेलंभर पाणी खदखदत होतं. एका रिकाम्या बरणीत त्यांनी ते ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी आणून महाराजांच्या बरण्यांशेजारी, पंख्याखाली ठेवली.

“मंत्र कुठला म्हणणार?” कोणीतरी खिजवलं.

“सतराचा पाढा.”

हशा पिकला. सतराचा झाला, अठराचा झाला. महाराज छद्मी हसत होते. एकोणीस पंचे पंच्याण्णव म्हणताच झाकण बोललं : टक्!

“देवानं पाढेही पाठ केलेत वाटतं!” मागून एक आजी म्हणाल्या.

“गरम वाफेनं बरणीतली हवा बाहेर जाते,” सूनबाई म्हणाल्या. “गार झाली की वाफेचं पाणी होतं, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा झाकणाचा पत्रा आत दाबते. तो वाकताना वाजतो. शिव्या दिल्या तरी वाजेल.”

“मग फुगलेलं झाकण?” महाराज उसळले. “तीही बाहेरची हवा का?”

“तो आतला वायू. मटार खाऊन जंतूंनी सोडलेला.”

“शी!” पहिली रांग मागे सरकली.

“काही जंतूंची बीजं नुसत्या उकळीला दाद देत नाहीत आणि हवाबंद बरणीत फोफावतात. त्यांचं विष वासाला, चवीला कळेलच असं नाही. घासभरानंही जीव जाऊ शकतो.”

सासूबाई उठल्या. सूनबाईंना वाटलं, आता सगळ्यांसमोर आपला उद्धार होणार. पण त्या आपली बरणी घेऊन थेट टेबलापाशी गेल्या.

“महाराज, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पहिला घास तुम्ही घ्या, मग मी यांना भरवते.”

त्यांचा हात झाकणाकडे गेला. सूनबाईंनी तो धरला. “उघडू नका, आई. त्यांनाही नको.”

पण महाराज त्याआधीच दोन पावलं मागे गेले होते. “आज... आज माझा उपवास आहे.”

“मग माझाही!” सासरे ओरडले. दवाखान्यातून आल्यापासून त्यांचा इतका मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

सभागृह हसून लोळलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. हातातल्या बरणीकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, “आज रात्री वाढणार होते गं मी.”

ती बरणी न उघडता, पिशवीत बांधून टाकून दिली. फ्रीझर पुन्हा भरला : मटार उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, पिशव्यांत घालून. त्यात चमत्कार काही नाही, म्हणूनच त्याची सभा भरत नाही.

घरच्या माणसाच्या पोटात जे जाणार, त्याबद्दल विचारावं, तपासावं. आणि उत्तर टाळणाऱ्याला, तो कितीही गोड बोलत असला तरी, दारातूनच वाटेला लावावं.