माझ्या चिमट्यातले मधले वाक्य

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारून नेता ना, तसाच. तपकिरी अंगाचा, वर लोखंडी चिमटा असलेला. माझे दोन कोपरे कुरतडलेले दिसतील, पण तो उंदरांचा प्रताप नाही, भिंगरीचा आहे. गणिताचा पेपर अवघड गेला की तिला काहीतरी चावायला लागायचे, आणि पेपर तर चावता येत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडाचा भुसा दाबून माझे अंग घडले आणि शेवटच्या टेबलावरच्या एका बाईंनी मला चिमटा ठोकला. त्या प्रत्येक चिमट्यात स्वतःचा अंगठा घालून बघायच्या. "हं, धरतो," असे म्हणून त्यांनी मला पुढे सरकवले. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. धरून ठेवणे हे आपले काम, हे मला त्याच दिवशी कळले.

भिंगरीच्या बाबांनी मला विकत आणले. ते शिंपी. लेक एका जागी टिकत नाही म्हणून त्यांनीच तिचे नाव भिंगरी ठेवले होते. शाळेच्या आणि मग कॉलेजच्या परीक्षांना मी तिच्याबरोबर गेलो. परीक्षा संपल्या आणि माझी रवानगी कपाटावर झाली. दोन वर्षे माझ्यावर एक बॅग आणि बॅगेवर धूळ. गरज सरो वैद्य मरो, ही म्हण मी तिथेच पडल्या पडल्या पाठ केली.

मग एका सकाळी कोणीतरी बॅग ओढली. भिंगरी खुर्चीवर चढली होती. "बाबा, सापडला! अजून घट्ट धरतो हा," ती ओरडली. तिला नोकरी लागली होती. निवडणुकीच्या जाहिराती बनवणाऱ्या एका कंपनीत ती प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटर झाली होती. नाव भारदस्त, पण काम म्हणजे सगळ्यांची धावपळ एकटीने करणे. गाडी किती वाजता येणार, उमेदवार ताई कुठे उभ्या राहणार, पाऊस आला तर छत्री कोण धरणार, ज्यांचे चित्रीकरण होईल त्यांच्या सह्या कोण घेणार, या सगळ्याचे उत्तर एकच, भिंगरी. आणि ते सारे कागद माझ्या चिमट्यात! मित्रांनो, कपाटावरून उतरून मी थेट कामाला लागलो होतो. माझा आनंद काय सांगू!

निघताना बाबा तिला म्हणाले होते, "माप कधी डोक्यात ठेवायचं नाही, पोरी. लिहून घ्यायचं. मग कात्री." भिंगरीने ते मनावर घेतले. कॅमेऱ्यासमोर माणूस बोलला की ती त्याचा शब्दन् शब्द उतरवून घेई. चांगल्या आलेल्या वाक्यापुढे बरोबरची खूण करी आणि आवाज बिघडला असेल तर तसे लिही. जाहिरात जुळवणारा एडिटर जागेवर कधी येत नसे. तो या खुणा पाहूनच काय ठेवायचे आणि काय कापायचे ते ठरवी.

ताईंच्या जाहिरातीत पाच साधी माणसे बोलणार होती. त्यांतले एक होते किल्लीवाले काका. ताईंनी बांधून घेतलेल्या नव्या पादचारी पुलाच्या पायथ्याशी ते किल्ल्या बनवत. सही करण्याआधी त्यांनी चष्मा पुसला, संमतीपत्र दोनदा वाचले आणि विचारले, "माझं बोलणं जसंच्या तसं दाखवाल ना?"

"काका, मी आहे ना," भिंगरी म्हणाली. काकांनी मला मांडीवर घेऊन सही केली. इतकी ठसठशीत, की तिचा वळ अजून माझ्या अंगावर आहे.

मग ते बोलले, "पूल झाला, फार बरं झालं. पण त्यावर दिवे नाहीत, अंधार पडला की माझी बायको लांबच्या रस्त्याने घरी येते. दिवे लावा, मग माझं मत ताईंनाच." नेमके मधले वाक्य चालू असताना एका ट्रकने भोंगा वाजवला. भिंगरीने तीनही वाक्ये लिहिली. पहिल्यापुढे खूण. मधल्यापुढे 'भोंगा'. तिसऱ्यातल्या 'दिवे लावा, मग' वर भोंग्याची शेपटी आली होती, म्हणून खूण फक्त पुढच्या शब्दांना. काकांना पुन्हा बोलायला लावायचे राहून गेले, कारण पुढच्या जागी न्यायला गाडी उभी होती.

चार दिवसांनी जाहिरात तयार झाली. पडद्यावर काका हसत म्हणत होते, "पूल झाला, फार बरं झालं. माझं मत ताईंनाच."

भिंगरी ताडकन उठली. तिने माझ्यावरचा कागद पाहिला. एडिटरने काही लबाडी केली नव्हती. तिच्याच खुणा त्याने इमानाने पाळल्या होत्या. ती धावत दिग्दर्शकांकडे गेली. ते म्हणाले, "भोंगा तूच लिहिलास ना? मग आता शांत बस. तासाभरात ताई बघायला येताहेत. ही नोकरी तुला नको झालीय का?"

ताई आल्या. प्रचारप्रमुख त्यांच्या शेजारी बसले. जाहिरात संपली तेव्हा ताई म्हणाल्या, "ते किल्लीवाले काका किती मनापासून बोलले!" सगळ्यांनी माना डोलावल्या. भिंगरीने मला छातीशी इतके घट्ट धरले होते, की तिची धडधड माझ्या चिमट्याला जाणवत होती. मला वाटले, आता ही मूग गिळून बसणार. आणि खरे सांगतो, नोकरी जाऊन मी पुन्हा कपाटावर जाईन याचीही मला भीती वाटत होती.

"ताई, ते एवढंच बोलले नव्हते," भिंगरी म्हणाली. "मधलं कापलं गेलं. चूक माझी आहे." आणि तिने माझ्यावरून तीनही वाक्ये वाचून दाखवली. एकही शब्द गाळला नाही.

"कोण आहे ही मुलगी?" प्रचारप्रमुख कडाडले. "आपल्याच जाहिरातीत आपलीच उणीदुणी काढायची?"

ताईंनी मला हातात घेऊन तीनही वाक्ये पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "दिव्यांचं वाक्य जाहिरातीत नको. मी एवढी धीट नाही. पण त्यांना न विचारता हे लावायचंही नाही. जा, त्यांनाच विचार."

भिंगरी मला घेऊन पुलाखाली गेली. तिने काकांना सगळे सांगितले, स्वतःची चूक आधी. काका खट्टू झाले. त्यांच्या बायकोने सगळ्या शेजारणींना टीव्हीसमोर बसायचे आमंत्रण देऊन ठेवले होते. काकांनी हातातली अर्धवट घासलेली किल्ली उलटसुलट करून पाहिली.

"ही अशी अर्धी दिली तर कुलूप उघडेल का?" ते म्हणाले. "राहू दे, बाळ. मला काढा त्यातून."

भिंगरीचे डोळे भरून आले. "काका, माझ्यामुळे तुमचं..."

"तुझ्यामुळे मी खोटा नाही पडलो. तो पॅड इकडे दे. रोज कागद धरून धरून चिमटा किती सैल झालाय बघ."

आणि मित्रांनो, त्यांनी माझ्या चिमट्याची जुनी स्प्रिंग काढली, नवी तार वळवून बसवली आणि अंगठा घालून पाहिला. "हं, धरतो," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी तेच शब्द! मी माणूस असतो तर तिथेच रडलो असतो.

जाहिरातीत काकांच्या जागी नुसता पूल दाखवला. भिंगरीची नोकरी गेली नाही. दिग्दर्शक आठवडाभर गाल फुगवून होते, पण पुढच्या जाहिरातीच्या आधी त्यांनी एडिटरला सांगितले, "नुसत्या खुणा बघू नकोस. हिने लिहिलेलं सगळं वाच." आता भोंगा वाजला की भिंगरी हात वर करते. सगळे थांबतात आणि माणूस आपले वाक्य पुन्हा, पुरते बोलतो. गाडी खुशाल उभी राहते.

तर मित्रांनो, तुमच्याही कपाटावर माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला खाली काढा, धूळ पुसा, चिमटा सैल असेल तर नीट करून घ्या. आमचे कोपरे चावलेत तरी चालेल. पण आमच्यावर कोणाचे बोलणे उतरवून घ्याल, तेव्हा त्याचे मधले वाक्य तेवढे सांभाळा. मी नुसता कागद धरतो. दिलेला शब्द तुम्हालाच धरावा लागतो.